ताक, कोकम आणि ट्रिटियम

आमचे हे, म्हणजे दिनकर, जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही लोक म्हणतात, "किती शांत माणूस होता!" शांत कसला? हट्टी! संसार मी केलाय, मला विचारा.

नव्वदीच्या दशकात आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. नळाला धड पाणी नव्हतं, पण गच्चीवरून मोहरीची शेतं दिसायची. काय दिवस होते ते! ओळखीतला जो तो गुडगावच्या परदेशी कंपनीत जाऊन गाडीबिडी घेत होता. ह्यांनाही बोलावणं आलं होतं. पण छे! ह्यांचा जीव दिल्लीपासून चार तासांवरच्या अणुवीज केंद्रात. तिथल्या अणुभट्टीला जड पाणी लागतं, फार महागामोलाचं. वापरता वापरता त्यात ट्रिटियम साचतं, किरणोत्सारी. ते काढून तेच पाणी पुन्हा वापरता यावं म्हणून हे आणि ह्यांचा सहकारी शंकर एक छोटं संयंत्र उभारत होते. सोमवारी बसने जायचे, शनिवारी यायचे. आमच्या शिवांगीचे वाढदिवस फोनवर. मी चिडून म्हणायचे, "लग्न कशाला केलंत मग?" हे नुसते हसायचे.

संयंत्र सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले आणि एका जोडातून जड पाणी उडालं ते थेट ह्यांच्या अंगावर. जिवाला धोका नव्हता, पण ट्रिटियम शरीरात गेलं. लघवीच्या तपासणीत आकडा पुरेसा उतरेपर्यंत संयंत्राच्या भागात पाऊल टाकायचं नाही, असा नियम. ह्यांना घरी पाठवलं. उपाय एकच, भरपूर प्यायचं, म्हणजे ते लघवीवाटे लवकर निघून जातं.

मग काय विचारता! ताक, कोकम सरबत, कलिंगडं. शेजारच्या कौर आंटी लस्सी पाठवून विचारायच्या, "भाईसाब को हुआ क्या है जी?" सांगणार काय, कपाळ! शिवांगी शाळेतून आली की, "बाबा, और एक ग्लास, चलो!" तपासणीची बाटली मात्र फ्रिजमध्ये, माझ्या दह्याशेजारी! मी घर डोक्यावर घेतलं. शंकर येऊन बाटली न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी फोनवर आकडा सांगायचा. उतरत होता, पण सावकाश. हे रोज सकाळी दाढी करून, बुटांना पॉलिश करून बसायचे. बघवत नसे.

"शंकरभावजींना आकडा जरा कमी लिहायला सांगा ना," मी एकदा म्हटलं. "कुणाला कळतंय?"

हे पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "अरुणा, माझा खोटा चालला तर उद्या कुणाचाही चालेल!" मग स्वतःच ताकाचा तांब्या भरून घेतला.

संयंत्र सुरू व्हायचा दिवस उजाडला, तरी आकडा वरच होता. सकाळी फोन वाजला. "वहिनी, दिनकररावांना द्या, पटकन!" शंकर.

ह्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि डोळे गच्च मिटून घेतले. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मी तो ओढून घेतला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. शंकरने फोन यंत्राकडे धरला होता. नुसती घरघर.

"सुरू झालं गं," हे म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

इतक्या वर्षांचा माझा राग कुठे गेला कोण जाणे. ह्यांनी आज तिथे असायला हवं होतं, एवढंच वाटलं, आणि फार वाईट वाटलं. रिसीव्हर मीच ह्यांच्या कानाशी धरला. पलीकडे शंकरनेही फोन ठेवला नाही.