आक्कांची मिरची, सुनेची जीभ

दूध गॅसवर होतं, मुलगा गालावर दाढीचा फेस घेऊन टॉवेल शोधत होता, आणि आक्का खिडकीपाशी स्टुलावर बसून ओल्या फडक्यावर मिरचीचं बी पसरत होत्या. एका बीला दुसरं चिकटू नये म्हणून काडीने सारखं करायचं, फडक्याची घडी घालायची, घडी पत्र्याच्या डब्यात आणि डबा फ्रिजच्या मागे, जिथे गरम हवा लागते तिथे ठेवायचा. हे काम त्या कुणाला करू देत नसत. देवाची पूजा एखाद वेळी सुनेवर सोपवली असती, पण हे नाही.

"दूध उतू गेलं तर तुझ्या माहेरून आणायचंय का?" मान वर न करता त्या सुनेला म्हणाल्या.

सून गॅस बारीक करते तोच दारावर थाप पडली. दार उघडलं तर खानावळवाली. कोपऱ्यावर तिची खानावळ, आणि आक्कांच्या मिरच्या दर आठवड्याला तिच्याकडे जायच्या. आदल्या दिवशी आक्कांनी दिलेली पिशवी तिच्या हातात होती, अजून अर्धी भरलेली.

"बसत नाही हो आक्का, गॅस पेटता ठेवून आलेय. या मिरच्या परत घ्या."

"का? किडक्या निघाल्या?"

"किडक्या असत्या तर कीड काढून वापरल्या असत्या. तिखटच नाहीत. काल दुप्पट घातल्या, तरी तो पोस्टातला म्हातारा विचारतो, बाई, आज कोण आजारी आहे? सगळ्यांनाच पथ्याचं वाढलंय."

आक्का हसल्या. त्यांच्या मिरचीला तिखट नाही म्हणणं म्हणजे सूर्याला अंधार पडलाय असं सांगणं. सुनेची पाठ मात्र ओट्याशी ताठ झाली.

ही मिरची आक्कांच्या आईची. लग्नात आक्कांबरोबर दागिना आला नाही, पदराच्या गाठीत बी आलं. आखूड, वर तोंड करून वाढणारी आणि दिसायला गरीब मिरची. अर्धी चावली तरी माणूस उभा राहायचा. पुढे नवरा गेला, रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुता धुता आक्कांची नोकरी संपली, घरात सून आली. या सगळ्यांतून त्यांचं म्हणावं असं उरलं ते खिडकीतल्या कुंड्यांमधलं. रस्त्यातून जाताना लोक म्हणत, "या त्या मिरचीवाल्या आक्का." एवढ्यावर त्या दिवस काढत.

बी कुणी मागितलं तर आक्का नाही म्हणत नसत. लगेच आत जात. चहाच्या आधणात बी गाळणीने क्षणभर बुडवत, फडक्यावर टिपत, कागदाच्या पुडीत बांधत आणि हसत हसत हातावर ठेवत. शिंपिणीला दिलं, कंपाउंडरच्या बायकोला दिलं, वेगळी राहायला निघाली तेव्हा धाकट्या जावेलाही दिलं. पुढे त्या बायका शरमून सांगत, "उगवलंच नाही हो आक्का." आक्का म्हणत, "हाताला गुण लागतो, बाई. सगळ्यांच्या हाताला कुठला असायला?" आणि बायका आपल्याच हाताकडे बघत घरी जात.

मग आक्कांच्या तोंडाला एक आजार जडला. गालांच्या आतून पांढरे चट्टे, जरा तिखट लागलं की कातडी फाटून रक्त. डॉक्टरांनी तिखट तोडलं. आता मिरचीचं बी राखायचं तर नुसती मिरची लाल होऊन चालत नाही. प्रत्येक झाडाची चव घेऊन सगळ्यात तिखट झाड निवडायचं आणि बी त्याचंच धरायचं. निवडायला जीभ हवी. मुलाची जीभ होती, पण "त्याला लहानपणापासून तिखट सोसत नाही गं, पोळेल तो." राहिली सुनेची. ती काय, पाटा-वरवंट्यासारखी घरातली वस्तू.

दर हंगामात मिरच्या लाल झाल्या की सून त्या स्टुलावर बसायची. आक्का मिरची मधोमध कापून आतल्या पांढऱ्या शिरेसकट फोड तिच्या जिभेवर ठेवायच्या. खरा जाळ त्या शिरेत असतो, हे त्यांना आईने शिकवलेलं. त्यांनी बोट खाली केल्याशिवाय गिळायचं नाही. मध्ये पाणी नाही, पाण्याने पुढच्या झाडाचा अंदाज चुकतो. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. "आलं, आलं, नाकातून आलं!" म्हणून हसायच्या. पहिल्या वर्षी सुनेला दिवस गेले होते. पाचव्या कुंडीला तिला भडभडून उलटी झाली. आक्कांनी त्या कुंडीला लाल दोरा बांधला आणि म्हणाल्या, "उलटी झाली ना? म्हणजे हीच."

त्याच खिडकीत सुनेची एक ढोबळी मिरचीची कुंडी होती. "असू दे, तिला तेवढंच झेपतं," म्हणून आक्कांनी ती ठेवू दिलेली. पूर्वी त्या आपल्या झाडांच्या कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधायच्या, माशीने परका पराग आणू नये म्हणून. पुढे हात थरथरायला लागले तसं ते सोडलं. माझी जात काय ढोबळीच्या नादी लागणार आहे? मिरच्या हळूहळू फुगीर व्हायला लागल्या, तेव्हाही त्यांना वाटलं, खताचा गुण.

आज त्यांनी पिशवीतली एक मिरची काढली आणि सुरीने फोड केली. "इकडे ये गं. हिच्या मनातला संशय जाऊ दे."

सून आली. फोड जिभेवर घेताच तिचे डोळे भरले, नाक लाल झालं, एक थेंब हनुवटीपर्यंत ओघळला.

"बघ," आक्का म्हणाल्या.

खानावळवालीने एकदा सुनेकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि एक अख्खी मिरची देठापर्यंत कचाकचा चावून खाल्ली. "यात रडण्यासारखं काय आहे, ते तरी सांग की, पोरी."

सुनेचं रडणं थांबलं. नळ बंद करावा तसं थांबलं, आणि तेच आक्कांना लागलं. त्यांनी उरलेली अर्धी मिरची उचलली. मुलगा बाहेरून ओरडला, "आई, तुला चालत नाही!" तोपर्यंत त्यांनी दात रोवले होते. चिरलेल्या गालांवर, सोललेल्या जिभेवर, मीठसुद्धा जिथे विंचवासारखं चावायचं तिथे, ती मिरची लागलीच नाही. काकडीसारखी. थोडी गोडसर.

खानावळवाली हळूच निघून गेली. अशी बातमी पोटात घेऊन ती कुठे कुठे थांबली असेल, ते सांगायला नको.

"कधीपासून?" आक्कांनी विचारलं.

"पहिल्या वर्षी खरं सांगितलं होतं," सून म्हणाली. "नंतर ज्या झाडाची मिरची जिभेला काहीच लागायची नाही, त्याच्यापुढे रडायची. तुम्ही त्याचंच बी धरायचात. पुढच्या वर्षी चाखायला जरा सोपं जायचं."

"आणि ते डोळ्यातलं पाणी?"

"या घरात रडायला मिरची लागत नाही, आई."

आक्कांनी तिला बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. आईबाप काढले, माहेरची चूल काढली. सून पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिली. मुलगा म्हणाला, "अगं, बाजारात ढिगाने मिळतात. एवढं काय त्यात?" आणि टॉवेल शोधायला गेला. सुनेच्या खोटेपणापेक्षा पोटच्या पोराचं हे वाक्य आक्कांना जास्त झोंबलं. तरी त्या त्याला काही बोलल्या नाहीत.

चप्पल घालून त्या निघाल्या. शिंपीण ओशाळून म्हणाली, "माझ्याकडे कुठून असणार, आक्का? माझ्या हाताला गुणच नाही." कंपाउंडरच्या बायकोने तर माफीच मागितली. रस्ताभर आक्कांना आपलं हसू आणि आपली गाळणी दिसत होती. एकाही पुडीतलं बी त्यांनी जिवंत सोडलं नव्हतं. तरीही त्या जावेचा जिना चढल्या. आशा ही मोठी निलाजरी.

धाकटी जाऊ कपड्यांना इस्त्री करत होती. "या जाऊबाई. आमच्या जिन्याला पाय लागले तुमचे. घर सापडलं कसं?"

"तुला बी दिलं होतं बघ, मिरचीचं."

"दिलं होतं तर. पुडी कोमट होती. मला वाटलं, तुमच्या हाताची ऊब असेल." तिने इस्त्री फिरवली. "मी रोज पाणी घालायची. हे विचारायचे, मातीला आंघोळ घालतेस का? मग बागेतल्या माळ्याला दाखवलं. त्याने नखाने बी फोडलं नि म्हणाला, बाई, हे शिजलंय."

"तू कुणाला बोलली नाहीस."

"कशाला बोलू? आपल्याच घराण्याची अब्रू." कॉलर उलटी करून तिने तीवर इस्त्री दाबली. "तुमचं पण गेलं वाटतं?"

आक्का दाराकडे वळल्या.

"अरेरे. मग चहा तरी घ्या. आधण ठेवलेलंच आहे."

चहा न घेता आक्का उतरल्या.

घरी येऊन त्यांनी कपाटाच्या तळचा डबा काढला. दर वर्षी पेरून उरलेलं बी त्या पुड्यांत बांधून ठेवायच्या, फेकायचा जीव होत नसे म्हणून. खालच्या पुड्या जुन्या, त्यातलं बी पिवळं सोडून तपकिरी झालेलं. पण ते सुनेच्या पहिल्या खोट्या रडण्याच्या वेळचं होतं, जात पुरती उतरली नव्हती तेव्हाचं. त्यात एखादं आईच्या वाणाचं असेल, कोण जाणे. फ्रिजमागचं नवं बी त्यांनी कचऱ्यात टाकलं आणि ही जुनी पुडी ओल्या फडक्यात घातली. कितीतरी दिवस काही नाही. मग एका बीला शेपूट फुटलं, पुढे आणखी काहींना. थरथरत्या हातांनी त्यांनी ती कुंड्यांत लावली, चार पानांवर आल्यावर उन्हाला सरकवली, कळ्या आल्यावर पिशव्या बांधल्या. ढोबळीची कुंडी सुनेने आपणहून खाली नेऊन ठेवली. नेताना आक्कांकडे पाहून हसलीही, आणि ते हसू आक्कांना समजलं नाही.

मिरच्या लाल झाल्या तशी जुनी अडचण आली. चाखणार कोण? खानावळवाली म्हणाली, "आम्हाला दुसरा मिरचीवाला मिळाला, आक्का. आता कुठे त्या भानगडीत पडता?" मुलाला विचारायची सवयच नव्हती. शेवटी आक्कांनी स्वतःच पहिल्या झाडाची फोड तोंडात घातली. जाळ उठला. इतका की त्या भिंत धरून खाली बसल्या, ओठांतून रक्त पदरावर आलं. आनंद व्हावा तर तोही होईना. कारण त्यानंतर पाणीही तसंच जळत होतं, थंड मऊ भातही तसाच. हे झाड आईच्या वाणाचं, की नुसतंच थोडं तिखट? आणि बाकीची? सगळंच जळणाऱ्या तोंडाला काय कळणार? इकडे मिरच्या सुरकुतायला लागल्या होत्या.

एका सकाळी मुलगा कामावर आणि नातू शाळेत गेल्यावर सून हात पुसत आली आणि न बोलावता स्टुलावर बसली.

"आणा," ती म्हणाली. "चाखते."

आक्कांनी सुरी घेतली. फोड केली. हात थांबला.

"कुठली तिखट म्हणू?" सुनेने विचारलं. आवाजात राग नव्हता. भाजी कुठली करू, असं विचारावं तसं तिने विचारलं. "तुम्ही सांगाल तिच्यापुढे रडेन. सवय आहे मला."

आता हिला मारून, बोलून, माहेर काढून काही उपयोग नव्हता. ती हो म्हणेल, रडेल, नाकही वाहील, आणि आक्कांना मरेपर्यंत कळणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सुनेच्या तोंडातली अशी गोष्ट हवी होती जी हिसकावून घेता येत नाही. फोड हातात धरून त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. फाटक्या ओठांनी शब्द नीट येत नव्हते, म्हणून सावकाश बोलल्या.

"यातली जी खरंच तिखट लागेल, तीच तिखट आहे असं सांग. माझं एवढंच मागणं आहे."