दत्तोपंतांची हरकत

दत्तोपंत मेहेंदळे गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास वारले. दम्याचा जुना आजार होता. घरापासून नदीकाठच्या स्मशानापर्यंत त्यांच्यामागे अकरा माणसे होती. एके काळी याच माणसाच्या सांगण्यावरून नदीपलीकडची गावे कागदावर अंगठा उठवीत, म्हणून हा आकडा लिहिला.

आमचे गाव अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासचे. मारुतीच्या देवळासमोर पंचायतीची कचेरी होती आणि कचेरीच्या ओट्यावर बसून दत्तोपंत लोकांचे अर्ज लिहीत. जांभूळ गावाकडचे, नदीपलीकडचे शेतकरी नोंदीला, दाखल्याला येत. आधी दत्तोपंतांपुढे उकिडवे बसत, मग आत जात. त्यांना तंबी एकच असे. "आत तोंडानं काही बोलायचं नाही. कागद द्यायचा, पोच घ्यायची. बोललेल्याची पोच मिळत नाही." मी तेव्हा कल्याणच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवीत असे. कागद कसा वाचावा, हे मी त्या ओट्यावर शिकलो.

निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले, अंबरनाथला कारखाना आला, तशी आमच्या स्टेशनकडेही वस्ती वाढली. कारखान्यातले साहेबलोक, नवे दुकानदार तिकडे राहू लागले आणि कचेरी तिकडे न्यावी अशी मागणी निघाली. मागणी अवाजवी नव्हती; पावसाळ्यात गावच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल असे. शाळेच्या पटांगणात सभा झाली. एकजण मागून ओरडला, "कचेरी हलली की पंतांचा ओटा जातो, म्हणून पोटात दुखतंय!" दत्तोपंत म्हणाले, "ओटा कचेरीचा आहे, बूड माझं आहे. ते कुठंही टेकेल." सभा हसली. मग नदीपलीकडून भाजी घेऊन येणारी चांगुणाबाई उठली. "आमी नदी उतरून येतो. त्याच्याफुडं आनी मैलभर टेसनावं जायाचं, आन् तिथं आमाला वलखतंय कोन?" दत्तोपंत म्हणाले, "चांगुणे, मी आहे तोवर कचेरी इथून हलत नाही." हे वाक्य माझ्या त्या दिवशीच्या वहीत आहे. त्याच आठवड्यात त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला. अंगठ्यांनी पाच पाने भरली.

सरपंच आबा हे दत्तोपंतांचे शाळासोबती. गणपतीत ते पंचायतीच्या चिटणिसाला घेऊन दत्तोपंतांकडे दर्शनाला आले. मी तेथेच बसलो होतो. नमस्कार झाला, प्रसाद झाला. कचेरीच्या वादाचा विषय दोघांनीही काढला नाही. उठताना आबा म्हणाले, "दत्तू, छप्पर फार गळतंय रे. दप्तर भिजेल. दोन कपाटं स्टेशनकडच्या खोलीत ठेवतो, दसऱ्यापर्यंत. तुझं काही...?" दत्तोपंत सुपारी कातरीत होते. मान वर न करता म्हणाले, "अरे, हरकत नाही." गणपतीला घरी आलेल्या माणसाला आमच्याकडे कोणीही हेच म्हणतो. चिटणीस दारात वहाणा घालीत होता.

पुढच्या बैठकीला दत्तोपंत दम्याने अंथरुणावर होते. ठराव झाला: कचेरी स्टेशनकडे हलविणे, हरकत अर्ज करणारांपैकी मुख्य श्री. मेहेंदळे यांनी समक्ष हरकत नाही असे सांगितले, सबब मंजूर. मी ठरावाची नक्कल पाहिली, खालची आबांची सही ओळखली आणि बातमी पाठवली. बातमी नकलेबरहुकूम होती. ते शब्द उच्चारले गेले तेव्हा मी त्या घरात होतो, हे तिच्यात नव्हते.

बातमी गावात वाचली गेली त्या दिवशी चांगुणाबाई टोपली डोक्यावर ठेवूनच ओट्यासमोर थांबली. "अंगठं आमचं घेतलंत, आन् हरकत तुमी इकलीत." दत्तोपंत उठून उभे राहिले. स्टेशनजवळ त्यांनी प्लॉट घेतला अशी बोलवा उठली. मी तलाठ्याकडे उतारे पाहिले. त्यांच्या नावावर तेथे वीतभर जमीन नव्हती. तरी नदीपलीकडची माणसे पुन्हा त्यांच्याकडे कागद घेऊन आली नाहीत. ती कोणाकडून अर्ज लिहून घेऊ लागली, ते मला माहीत नाही.

दसरा झाला, कपाटे परत आली नाहीत. दत्तोपंत आबांकडे गेले. मला बरोबर नेले. "आबा, मी कपाटांना हो म्हटलं होतं." आबा झोपाळ्यावर होते. म्हणाले, "शब्द तुझाच ना, दत्तू? मी त्यातला काना-मात्रा तरी बदलला का?" परतताना वाटेत दत्तोपंत एवढेच म्हणाले, "घरात होतो रे मी... घरात कोण कागद मागतो?"

त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी एकच अर्ज लिहिला. 'हरकत नाही' हे शब्द दोन कपाटांपुरते होते, तरी इतिवृत्तात दुरुस्ती व्हावी व ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. साक्षीदार म्हणून माझे नाव घातले. मी सही केली, पण आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत त्यांनी मला एकदाही विचारले नाही. अर्ज स्टेशनकडच्या कचेरीत दिला, पोच घेतली. पुढे दीड वर्ष, त्यांना चालवत होते तोवर, ते दर सोमवारी तेथे जाऊन विचारीत. उत्तर मिळे, "विचार चालू आहे."

पंधरा दिवसांपूर्वी मी त्या कचेरीत गेलो. चिटणिसाने आवक बुक पुढे केले. दत्तोपंतांच्या अर्जासमोरचा शेरा त्यांच्या मृत्यूची नोंद झाली त्याच तारखेचा आहे: 'अर्जदार मयत. अर्ज निकाली.'