भंगारवाल्याच्या कपाटातले अधिकारी

माझ्या झाखारियास मामाला नौदलाच्या अधिकाऱ्यांचा मनस्वी तिटकारा होता. रस्त्यात पांढऱ्या गणवेशातला माणूस दिसला की तो टेम्पो थांबवायचा आणि माणूस जाईपर्यंत पाठ करून उभा राहायचा. आणि त्याच अधिकाऱ्यांच्या युद्धातल्या डायऱ्या, पत्रं, फोटो त्याच्याइतके जिवापाड जपणारा ग्रीसमधल्या अख्ख्या पिरेअस बंदरात दुसरा कुणी नव्हता.

तो भंगारवाला होता. कर्णा लावलेला तीनचाकी टेम्पो घेऊन शेजारच्या फालिरो वस्तीतल्या बंगल्यांवरून फिरायचा. तिथे राहणारे निवृत्त अधिकारी एकेक करून मरायला लागले होते. तलवारी, पदकं, दुर्बिणी व्यापारी आधीच उचलून न्यायचे. कागदांच्या पेट्या मात्र फुटपाथवर यायच्या. सत्त्याहत्तर साली अशाच एका पेटीत त्याला युद्धातली डायरी सापडली. मामा शाळेत चारच वर्षं गेलेला, आणि अधिकारी लिहायचे ती जड, सरकारी ग्रीक. तो डायरी घेऊन माझ्याकडे आला. मी तेव्हा एका नोटरीकडे टंकलेखक होते.

"एव्हान्थिया, वाच. चव्वेचाळीसचा एप्रिल काढ."

चव्वेचाळीसचा एप्रिल आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. मामा आणि त्याचा धाकटा भाऊ निकितास एकाच विनाशिकेवर बॉयलरवर कामाला होते. ग्रीस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि आपलं निर्वासित सरकार इजिप्तमध्ये होतं. डोंगरात जर्मनांशी लढणाऱ्यांनाही त्या सरकारात घ्या, असं म्हणत खलाशांनी अलेक्झांड्रियाच्या बंदरात जहाजं ताब्यात घेतली. एका पहाटे अधिकारी पिस्तुलं घेऊन जहाजांवर चढले. निकितास मेला. एकोणीस वर्षांचा होता. कागदावर लिहिलं गेलं, 'बंडखोरांच्याच गोळीने'. आजी कचेरीत गेली की टेबलामागचा माणूस म्हणायचा, "बाई, तुमच्याच लोकांनी मारला." मामाला वाळवंटातल्या छावणीत टाकलं, आणि सुटून आल्यावर बोटीवर चढायचा परवाना जन्मात मिळाला नाही.

"कुणीतरी लिहून ठेवलंच असणार," मामा म्हणायचा. "हे लोक रात्री सूप खारट होतं हेसुद्धा लिहितात."

सात वर्षांत त्याने एकेचाळीस अधिकाऱ्यांचे कागद जमवले. पेरामाच्या गोदीत मोडीत निघालेल्या जहाजातलं पोलादी कपाट त्याने घरी आणलं होतं. ओल लागलेली पानं तो टिपकागदात घालून सावलीत वाळवायचा. गंजलेल्या टाचण्या नखाने अलगद काढायचा, बुरशी दाढीच्या ब्रशने झटकायचा. प्रत्येक वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून वर चिठ्ठी लावायची: नाव, हुद्दा, कुठल्या गल्लीत मिळाली. एकदा मी कॉफीचा कप वहीजवळ ठेवला, तर त्याने कप उचलून सरळ मोरीत ओतला.

"यांच्यावर एवढी माया कशाला?" मी चिडून विचारलं.

"माया? एक अक्षर पुसलं गेलं तर यांना फावेल. म्हणून."

बंदरावरच्या कॅफेनिओत, कॉफीच्या दुकानात, जुने खलाशी बसायचे, ते त्याची टर उडवायचे. सगळ्यांत पुढे पांडेलीस. तोही त्याच जहाजावरचा. छावणीनंतर तीन वर्षं बेटावरच्या तुरुंगात काढलेला.

"काय रे, आज कुठल्या साहेबाची बटणं घासलीस?"

"तुझ्या दातांपेक्षा स्वच्छ आहेत ती," मामा म्हणायचा.

"आम्ही यांच्या लाथा खाल्ल्या आणि तू यांच्या विधवांचं ओझं वाहतोस. लाज वाटत नाही?"

मामा पत्ते पिसायचा.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात फालिरोच्या एका म्हाताऱ्या बाईने तळघर रिकामं करायला मामाला बोलावलं. तिचा नवरा, कप्तान दूकास, वर्षापूर्वी गेला होता. त्याची डायरी मी आमच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता थांबले.

"वाच की."

मी वाचलं. 'बॉयलरखोलीच्या दारातून एक पोरगा हात वर करून आला. हातात काहीतरी चमकलं. मला पिस्तूल वाटलं. मी गोळी झाडली. तो पाना होता. नाव निकितास मेल्लोस. अहवालात बंडखोरांची गोळी असं लिहायचं ठरलं. मी सही केली.'

मामाने ते तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाला, "पान कोरडं आहे ना? बघ नीट." आणि स्वतः वही कापडात बांधली. गाठ मारायला त्याला बराच वेळ लागला.

त्या पानाची नक्कल मी टंकून दिली आणि ती पिरेअसच्या एका साप्ताहिकात दूकासच्या नावानिशी छापून आली. चौथ्या दिवशी दूकासची मुलगी इस्मिनी आमच्या दारात उभी राहिली. पन्नाशीची, शाळेत मुख्याध्यापिका. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"वही द्या. ती आमची आहे."

"तुमच्या आईने विकली," मामा म्हणाला. "गाद्या आणि बंबासकट."

"आईला दिसत नाही. तुम्ही फसवलंत तिला."

"तिने विचारलं, कागद जाळणार का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग घेऊन जा. तिला आत काय आहे ते माहीत असावं, बाई. तुम्हालाच नव्हतं."

"माझे वडील आयुष्यभर झोपेत ओरडायचे. तुम्हाला काय कळणार त्यातलं."

"ओरडू देत. माझी आई झोपतच नव्हती."

"तुमच्यासारख्यांनी जहाजं बंद पाडली तेव्हा बाहेर युद्ध चालू होतं. त्याचं काय?"

"त्याचं आम्ही भोगलं. वर्षानुवर्षं. तुमच्या वडिलांनी काय भोगलं? पदोन्नती?"

तिने वकिलाची नोटीस पाठवली. मामाने ती घडी घालून कपाटात, दूकासच्या वहीशेजारी ठेवली आणि वर चिठ्ठी लावली. वकिलाला तिच्या आईच्या सहीची पावती दाखवल्यावर पुढे काही झालं नाही.

महिन्याभराने इस्मिनी परत आली. या वेळी आत आली आणि हिरव्या पुठ्ठ्याची एक वही टेबलावर आपटली.

"हा पुढचा भाग. माझ्याकडे होता. तुम्हाला सगळं जपायचं असतं ना? हेही जपा. खूण घातली आहे."

मी खूण उघडली. बंडानंतर दूकासला छावणीवर नेमलं होतं, तिथली नोंद होती. 'बॉयलरवरचा खलाशी झाखारियास मेल्लोस याने आज बंडखोरांच्या समितीतल्या सात जणांची नावं दिली. त्याला तीन आठवड्यांत सोडण्याचं मान्य केलं.' खाली सात नावं. चौथं पांडेलीसचं.

मी मामाकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेला बोट घासत होता.

"खरं आहे?" इस्मिनीने विचारलं. तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण दयाही नव्हती.

"खरं आहे," मामा म्हणाला. "आता जा."

ती गेल्यावर तो मला म्हणाला, "मला सांगितलं होतं, निकितास जिवंत आहे. इस्पितळात आहे. नावं दे, म्हणजे भेटवतो. त्या पहाटे मी खाली बॉयलरवर होतो. मला काही दिसलं नव्हतं. मी विश्वास ठेवला."

"हे त्यात कुठे लिहिलेलं नाही, मामा. मी टंकून वहीत घालू?"

"नको. त्यांच्या वहीत माझी शाई नको."

"मग वही जाळ. तिने स्वतः आणून दिली. कुणी विचारणार नाही." मी हे म्हटलं. अजूनही मला त्याची शरम वाटते, पण म्हटलं होतं.

मामाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पांढरा गणवेश घालून उभी होते. हिरव्या वहीचा कणा उसवला होता. त्याने मेण लावलेल्या दोऱ्याने तो शिवला, वही कापडात बांधली, चिठ्ठी लिहिली: 'दूकास, कप्तान. भाग दुसरा. मुलीने आणून दिला.' मग उठला, कॅफेनिओत गेला आणि पांडेलीसला घरी घेऊन आला.

पांडेलीसने ती नोंद माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"मला छावणीतून तुरुंगात नेलं त्या दिवशी," तो हळूच म्हणाला, "तू काटेरी तारेपाशी येऊन मला सिगारेट दिली होतीस."

"हो."

"चाळीस वर्षं मी ती सिगारेट लोकांना सांगत आलो. म्हणायचो, सगळे फिरले, पण झाखारियास मेल्लोस आला."

"त्यांनी मला सांगितलं होतं, निकितास—"

"मला निकितास सांगू नकोस. मला दोन बहिणी होत्या. मी आत असताना त्या गेल्या." पांडेलीस उठला. दारात वळून म्हणाला, "ही वही ठेव. तुझ्या साहेबांजवळ ठेव. तुझी जागा तिथेच आहे."

दोन दिवसांत सगळ्या बंदराला कळलं. कॅफेनिओत मामा टेबलापाशी गेला की लोक पत्ते गोळा करून उठायचे. मालक त्याच्यापुढे कॉफी ठेवायचा, पण शब्द बोलायचा नाही. एकदा कुणीतरी टेम्पोवर रंगाने 'सात' एवढंच लिहिलं. मामाने ते पुसलं नाही. तसाच टेम्पो घेऊन तो दीड वर्ष फालिरोच्या गल्ल्यांतून फिरला आणि आणखी सहा अधिकाऱ्यांचे कागद घेऊन आला. निकितासचं पान सापडल्यावर आता शोधायचं काय उरलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "दुसऱ्या कुणाचं तरी पान असेल."

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तो फुप्फुसाच्या आजाराने गेला. अंत्यविधीला आम्ही घरचे पाच जण होतो. पांडेलीस आला नाही, आणि त्याबद्दल मला त्याला दोष देता येत नाही.

कपाट कुणाला द्यायचं, हा प्रश्न होता. अधिकाऱ्यांची एक संघटना कागद घ्यायला तयार होती, पण 'काही अनावश्यक पानं' वगळून. खलाशांची एक संघटना तयार होती, पण हिरवी वही नको म्हणाली. दोघांनाही मी नाही म्हटलं. शेवटी अथेन्समधल्या एका ग्रंथालयाने सगळं जसंच्या तसं घेतलं. हिरव्या वहीची पावती नव्हती, तिच्यासाठी इस्मिनीची सही लागत होती, म्हणून मी तिच्या शाळेत गेले.

तिने कागद शेवटपर्यंत वाचला. "दोन्ही भाग एकत्र राहणार?"

"एकत्र. एकही पान न काढता."

तिने सही केली, पेनाला टोपण लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी हात पुढे केला होता, तो तिने घेतला नाही.

"माझा तुमच्या मामावर राग आहे," ती म्हणाली. "तो जाणार नाही."

"माझाही तुमच्या वडिलांवर आहे," मी म्हणाले, आणि कागद पिशवीत घालून बाहेर पडले.