मिरजगावच्या बैठकीत पेशंट कोण?

ओसरीवर सतरंज्या, पलीकडं प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधोमध एकच गादीची खुर्ची. ती माझी. मिरजगावला मी फॅमिली सेशन घ्यायला गेले होते. म्हणजे पेशंट आणि त्याच्याबरोबर राहणारी माणसं एकत्र बसून बोलतात. इथं निम्मं गाव बसलं होतं.

मी सायकोथेरपिस्ट. नगरला क्लिनिक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली पहिली मीच, म्हणून दारावरची पाटी मुद्दाम मोठी केलीय. 'एम.ए. सायकॉलॉजी' रस्त्यापलीकडून वाचता येतं. गोळ्या मी देत नाही, ते सायकिअ‍ॅट्रिस्टचं काम. मी बोलून उपचार करते. लोकांना वाटतं, ही बाई पोरांना दम देते.

पेशंट संकेत. हायवेला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. साखरपुड्यात त्याची छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, आणि तो स्टेजवरच खाली बसला. कुणीतरी नाकाला कांदा लावला. कांद्यानं भागेना म्हणून त्याच्या मामांनी चप्पल लावली. ईसीजी नॉर्मल आला. फीटही नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला माझ्याकडं पाठवलं. ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात. आता आपण मरतोय असं वाटतं. त्यानं मरत कुणी नाही आणि चप्पल हुंगून तो थांबतही नाही.

काही भेटींनंतर संकेत मोकळा बोलायला लागला. तेव्हा त्याच्या वडिलांना, नानांना, मी म्हटलं की पुढच्या वेळी सगळे मिळून बसू. नानांनी त्याची बैठक करून टाकली. मुलीकडचेही बोलावले. नवरी पूजा, तिचे वडील आणि चुलते. त्यांना अजून फीटचाच संशय होता. लग्न ठेवायचं की मोडायचं, ते आज माझ्या तोंडून ठरणार होतं.

नानांनी मला दारातच गाठलं. "मॅडम, तुमी फकस्त म्हना, पोरगा ठणठणीत हाय. शिकल्याली बाई बोलली की इशय संपला."

"संकेत माझ्याशी जे बोलला, ते मी तुम्हालासुद्धा सांगत नाही, नाना."

"मला नका सांगू. त्यांला सांगा."

पेशंटचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी तो बैठकीला समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पूजाच्या चुलत्यांनी विचारलं, "बरं, मग हाय काय त्याला?"

मी म्हटलं, आज रात्री जे ह्या घरात झोपणार नाहीत, त्यांनी चहा घेऊन निघावं. नवरीकडचे थांबले तरी चालेल. कुणी हललं नाही. मी पर्स उचलून गाडीकडं निघाले, तेव्हा कुठं सतरंज्या रिकाम्या व्हायला लागल्या. मामा सगळ्यात शेवटी गेले. त्यांच्या मते उपचार तर त्यांनीच केला होता.

मग संकेतला बाजूला घेऊन विचारलं, तुला सांगायचंय का? नसेल तर मी सगळ्यांना तसं सांगते. तो म्हणाला, मीच सांगतो. मग परत येऊन बसला.

"मला फीट येत न्हाई. लई मानसं माझ्याकडं बघाया लागली की भ्या वाटतं. दुकानात न्हाई वाटत."

चुलत्यांनी तोंड उघडलं, पण पूजा आधी बोलली. "मॅडम, परत असं झालं तं मी काय करायचं?"

इतका कामाचा प्रश्न सकाळपासून कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, गर्दी हटवायची, शेजारी बसायचं, श्वास हळूहळू सोडायला लावायचा. थोड्या वेळात ओसरतं. नाकाला काहीही लावायचं नाही. उपचार चालू ठेवले तर हे कमी होतं.

"आन् स्टेजच नसला तं?" पूजानं विचारलं.

नानांचा चेहरा उतरला. त्यांना मोठा मंडप, डीजे, आमदार, सगळंच पाहिजे होतं. "एकुलत्या पोराचं लगीन चोरून करायचं व्हय?"

"मंग स्टेजवर तुमीच बसा, नाना," संकेत म्हणाला.

आधी हसले ते पूजाचे वडील. तिथंच लग्न ठरलं.

खर्ड्याला पूजाच्या दारात, मोजक्या माणसांत लागलं. हार घालताना संकेतला घाम फुटला. पूजानं त्याला खाली बसवलं, गुरुजींना थांबवलं, आणि मग हार घातला. जेवणावळ नानांनी दुसऱ्या दिवशी घातलीच. नवरदेव तासभर हजर होता, मग दुकान उघडायला गेला.

हल्ली कुणी घरी बोलावलं की मी फोनवर आधी विचारते, कोण कोण असेल. 'घरचीच मानसं' असं उत्तर आलं, की त्यांनाच नगरला बोलावते. क्लिनिकमध्ये खुर्च्या सहाच ठेवल्यात.