दिवेलागणीची शिकवणी

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या अंबुजाबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या रागानं काही पेन्शन घेतली नव्हती. आज त्यांची भाची रम्या नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी शिकायला आली होती. बाईंच्या घरी दोन नियम कडक होते. शिकवणीत रम्यानं इंग्रजीतच बोलायचं, आणि संध्याकाळी बाईंनी देवापुढं दिवा लावल्याखेरीज कुणी ट्यूबलाइटच्या बटणाला हात लावायचा नाही. हा दुसरा नियम सासूबाईंनी तंजावरहून आणलेला.

रम्यानं लिहिलं, आई रोज सकाळी गॅस इल्युमिनेट करते.

“अय्यो! गॅस लाइट करतात गं. इल्युमिनेट करायला तो काय देवळाचं गोपूर आहे?”

रम्यानं ते खोडून लिहिलं, बातमी ऐकून आईचा चेहरा इल्युमिनेट झाला.

“चेहरा ब्राइटन होतो! किती डोकं फोडू तुझ्यापुढं?” रम्याच्या पुस्तकात हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एकाच ओळीत छापले होते, त्याचाही बाईंना संताप आला. “एका मजल्यावर राहतात म्हणून सगळे एकाच घरी जेवतात का?”

घसा कोरडा पडेपर्यंत त्या बोलत राहिल्या. मग कागद डोळ्यांशी नेला, तरी काही दिसेना.

“अक्षर तरी ठळक काढ!” म्हणत त्यांनी मान वर केली. खोलीभर अंधार झाला होता.

“अगंबाई, दिवा लावायचा राहिला की! तू बोलली का नाहीस?”

रम्या रडवेली होऊन घरच्या मराठीतच म्हणाली, “मघापासून सांगणार होते, आत्या. पण लाइट म्हणू की इल्युमिनेट, तेच ठरेना.”