सुभाषशेठ, मरळ आणि आम्ही

मासे आम्ही परत पाण्यात सोडतो, किस्से मात्र आमच्यासोबत घरी येतात. म्हणून मासे तलावात वाढत राहिले आणि किस्से आमच्याकडे. शेलूबाजारच्या हॉटेलात चहाला टेकलो की कोणीतरी खुर्ची ओढून म्हणतंच, "सुधाकरभाऊ, ते शर्टाचं सांगा न." मग एक सांगून भागत नाही.

आधी माणसं सांगतो. माझं हायवेला लागून वेल्डिंगचं दुकान आहे. गजानन शेलूबाजार-मंगरूळपीर रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवतो. वंदनाताई आसेगावला शिक्षिका आहेत. आणि सुभाषशेठ. त्यांचं कापडाचं दुकान, घर जैन, घरात कांदासुद्धा नाही. आमच्या मासेमारीच्या स्पर्धेचे ते पंच!

मासा म्हणजे मरळ. सापासारखं डोकं, काळपट अंग आणि भलती तापट. एप्रिल-मे महिन्यात तलाव आटायला लागला की ती काठच्या गवतात येते. हवा घ्यायला वर आली की 'बुळुक्' असा आवाज होतो. तो आवाज ऐकला की आमच्या छातीत धडधड सुरू. रबरी बेडकाच्या पोटाखाली गळ लपवलेला असतो. तो बेडूक गवतावर टाकायचा आणि टुणूक-टुणूक उड्या मारत ओढत आणायचा. मरळीला राग आला तर पाणी फुटतं, बेडूक गायब होतो आणि हातातली काठी कमानीसारखी वाकते. अंगावर येणारा तो काटा शब्दात सांगता येत नाही. तरी आम्ही रोज सांगतो.

*

स्पर्धा सुरू झाली ती भांडणातून. गजाननला एक मोठी मरळ लागली होती आणि ती केवढी होती हे तो हॉटेलात दोन हात पसरून दाखवत होता. दर वेळी हातांतलं अंतर वाढायचं. मी म्हणालो, माझी त्याहून मोठी होती. मीही हात पसरले. त्यात बाजूच्या टेबलावरचा चहा सांडला, तो नेमका सुभाषशेठच्या धोतरावर.

शेठ शांतपणे उठले. म्हणाले, हात पसरून मासा लांब होत नाही, एका दिवशी, एका तलावावर, सगळ्यांसमोर मोजा. आम्ही विचारलं, मोजणार कोण? आम्हा दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. ज्याला मासा नकोच आहे असा एकच माणूस तिथे होता.

शेठनी अट घातली. मोजलेला प्रत्येक मासा जिवंत पाण्यात परत गेला पाहिजे. एक जरी मेला तरी ते घरी निघून जाणार.

गजाननचा चेहरा पडला. "शेठ, मंग खाचं काय?"

"पोहे," शेठ म्हणाले. "मी आणतो."

*

मासा मोजायला मी पत्र्याचं एक लांब पन्हाळं तयार केलं, आत फुटपट्टीसारख्या खुणा कोरल्या. पहिल्या स्पर्धेला मच्छीमार सोसायटीची परवानगी घेऊन आम्ही पहाटे तलावावर पोचलो. शेठ पांढराशुभ्र शर्ट घालून पन्हाळ्यापाशी सतरंजीवर बसले.

पहिली मरळ गजाननला लागली. जाडजूड, चिखलानं माखलेली. तो तिला छातीशी धरून पळत आला आणि पन्हाळ्यात ठेवली. शेठ खुणा वाचायला वाकले, तेवढ्यात तिनं शेपटी आपटली आणि उडाली ती थेट शेठच्या अंगावर.

शेठनी जन्मात मासा हातात धरला नव्हता. त्यांचे दोन्ही हात आपोआप मिटले आणि मरळ पोटापासून हनुवटीपर्यंत घट्ट कवटाळली गेली. शेठ उठले, तिला तसंच धरून कमरेइतक्या पाण्यात चालत गेले आणि अलगद सोडून दिलं. ती गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मोजायचं राहिलं.

गजानन रडकुंडीला आला. ती बाद धरा असं मी म्हणालो. शेठ काठावर उभे राहून स्वतःच्या शर्टाकडे बघत होते. पांढऱ्या कापडावर चिखलाचा आणि चिकट बुळबुळीचा एक लांब, स्पष्ट ठसा उमटला होता. डोक्यापासून शेपटीपर्यंत.

त्यांनी शर्ट काढला, सतरंजीवर पसरला आणि माझ्याकडे टेप मागितला.

गजानन जिंकला. जाताना तो शेठना एवढंच म्हणाला, "शेठ, वहिनीले सांगजा, एवढ्यात शर्ट धुऊ नका."

*

वंदनाताई आमच्यात दुसऱ्या वर्षी आल्या. त्यांचे वडील इंझोरीकडे शेती करायचे आणि उन्हाळ्यात नाल्याच्या डोहावर लेकीला घेऊन गळ टाकायचे. ताईंनी मला फोन करून विचारलं, स्पर्धेत बाईमाणसाला चालतं का? मी म्हणालो, नियमात तसं काही नाही. गजानन म्हणाला, नियमात नाही कारण कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण या म्हणा.

ताई आल्या, वडिलांची बांबूची काठी घेऊन. तलावावर गजाननची बडबड चालू होती. जीपमध्ये दिवसभर ओरडून त्याला हळू बोलता येतच नाही. ताईंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांचा वर्गातला आवाज निघाला.

"गजाननभाऊ, तोंडावर बोट."

गजाननचं बोट खरंच तोंडावर गेलं. वयानं तो ताईंपेक्षा मोठा, पण ते बोट काही खाली येईना. दुसऱ्या हातात काठी. बराच वेळ तलाव इतका शांत होता की बगळ्याच्या पायाचा आवाज यावा.

मग माझ्या उजव्या बाजूला पाणी फुटलं. बघतो तर गजाननची काठी त्याच्या हातातून सुटून पाण्यावरून सरसर पळत चाललेली, आणि हा काठावर उभा, डोळे बाहेर आलेले, एक बोट अजून ओठावर! ताई ओरडल्या, अहो भाऊ, धरा की, हाक तर मारायची! आम्ही पाण्यात धावलो, पण काठी खोल पाण्यात निघून गेली.

गजाननने तेव्हा बोट काढलं. "तुमीच त म्हनलं न मॅडम, बोलू नको."

त्या दिवसापासून नियमात एक ओळ वाढली. मासा लागल्यास ओरडण्यास परवानगी आहे.

*

एकदा अकोल्याहून एक पाहुणा आला. कोणाच्या तरी ओळखीनं आला होता. गाडीतून त्यानं सामान काढलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. चार काठ्या, रंगीबेरंगी बेडकांची पेटी, डोळ्यांवर काळा गॉगल, हातमोजे, बाह्यांवर माशांचं चित्र. गजानन माझ्या कानात म्हणाला, आज हसून हसून पोट दुखणार.

हसायची तयारी वाया गेली. त्या माणसाचा बेडूक ज्या गवताच्या काडीपाशी पडायला हवा त्याच काडीपाशी पडायचा. ऊन चढायच्या आत त्याच्या दोन मरळी मोजून झाल्या होत्या. वंदनाताईंची एक होती, पण मोठी. सगळ्यात लांब मासा ज्याचा, तो जिंकणार असा नियम. ताई बोटभर पुढे होत्या.

अगदी शेवटी पाहुण्याच्या समोर पाण्यात एक लालसर डाग हलायला लागला. मरळीची पिल्लं. शेकड्यांनी, एकत्र घोळका करून पोहत होती. आणि त्यांच्या खाली त्यांची राखण करणारी मरळ. तिचं डोकं वर आलं तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तोंडातून एकदमच श्वास निघाला. त्या तलावात तेवढं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. पिल्लांवरची मरळ काहीही जवळ आलं तरी झडप घालते. बेडूक टाकला की लागलीच म्हणायची.

गजाननच्याने राहवेना. तो कुजबुजला, "टाका न भाऊ, काहून थांबून राह्यले?"

पाहुण्यानं दोरी गुंडाळली, काठी खाली ठेवली आणि गॉगल काढून त्या लाल डागाकडे बघत बसला. तिला बाहेर काढलं तर तेवढ्या वेळात बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतील, एवढंच तो म्हणाला.

स्पर्धा वंदनाताई जिंकल्या. पाहुण्याच्या चारही काठ्या पुसून, बांधून गाडीत ठेवायचं काम गजाननने केलं. तो कोणाची बॅगसुद्धा जीपच्या टपावर चढवत नाही.

*

एका उन्हाळ्यात स्पर्धाच झाली नाही. तलाव आटून एका कोपऱ्यात डबकं उरलं आणि त्यात मासे एकमेकांवर घासत होते. घारी वर घिरट्या घालत होत्या. शेठ सकाळी बघून आले आणि दुकान न उघडता माझ्याकडे आले. म्हणाले, खाली मोठ्या धरणात पाणी आहे, यांना तिकडे न्यायचं. सोसायटीवाल्यांनी होकार दिला. माझ्याकडे ड्रम होते, गजाननकडे जीप.

आम्ही गुडघाभर चिखलात उतरलो. वंदनाताईंनी घरून चादरी आणल्या, त्यांची झोळी करून मासे उचलले. ऊन असं की ड्रमचा पत्रा हाताला चटके देत होता. ताई त्यावर ओली पोती टाकत होत्या. दर फेरीत वाटायचं, पोचेपर्यंत मरतात की काय.

गजाननची गाडी नेहमीच्या रस्त्यानं चाललेली. लोकांना काय माहीत, त्यांनी हात केले. थांबायचं नाही असं ठरलं होतं, पण एक म्हातारी भर उन्हात उभी होती, तिला सोडून पुढे जाणं त्याला जमेना. ती ड्रमला टेकून बसली. थोड्या वेळानं आतून जोरात धडक बसली तशी ती दचकली, झाकण उचलून तिनं आत बघितलं आणि झाकण परत नीट लावलं. मग गजाननला विचारलं, "याइले कुठी उतरवतं बापा?"

धरणावर, तो म्हणाला.

"मंग आधी याइले सोड," म्हातारी म्हणाली. "माह्यं काय, मी दम काढतो."

ती धरणापर्यंत आली, शेवटचा मासा पाण्यात जाईपर्यंत काठावर बसली आणि मगच गाडीत चढली.

*

शेठना त्यांच्या समाजात बोलणी खावी लागली असणार, पण त्यांनी ते आम्हाला कधी सांगितलं नाही. एकदा मी त्यांच्या दुकानात बसलो होतो आणि कारंज्याचे त्यांचे एक वडीलधारे नातेवाईक आले. कापड बघता बघता त्यांनी सरळच विचारलं, सुभाष, तू म्हणे मासे धरायला जातो?

शेठनी तागा गुंडाळायचं काम थांबवलं नाही. "मी सोडवायला जातो," ते म्हणाले.

नातेवाईकांनी दुसरा रंग दाखवायला सांगितला.

*

आता मागच्या मे महिन्यातलं. त्या दिवशी आभाळ भरून होतं, ऊन नव्हतं, म्हणून स्पर्धा दुपारपर्यंत लांबली. आणि त्याच दुपारी बारावीचा निकाल होता. गजाननची पोरगी बारावीला होती. दोन दिवस तो जेवला नव्हता. तलावावर रेंज येत नाही, बंधाऱ्याच्या वर चढलं तरच येते. वेळ झाली तसा तो घायकुतीला आला. त्याचा बेडूक पाण्यातच होता. शेजारी शेठ बसले होते. त्यानं काठी त्यांच्या हातात दिली, जरा धरजा म्हणाला आणि बंधाऱ्याकडे पळाला.

शेठनी काठी छत्रीसारखी धरली. दोरी हातानं जराशी सारखी केली असेल, बेडकानं एक उडी मारली असेल. मोठा धोंडा पडावा तसा आवाज झाला आणि काठी शेठसकट वाकली.

मी ओरडलो, ताई ओरडल्या. सोडू नका शेठ, दोरी तुटली तर गळ तोंडात राहील, गवतात अडकून मरेल ती! हे ऐकल्यावर शेठनी काठी अशी धरली की मी मध्ये पडायची हिंमत केली नाही. ताई बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, आता ढील द्या, आता ओढा, आता थांबा. शेठची टोपी पडली, चष्मा नाकावर घसरला, ते सरकत सरकत पाण्यात उतरले. मरळ एकदा पूर्ण पाण्याबाहेर आली. मला वाटलं, लाकडाचा ओंडकाच उडाला.

तेवढ्यात बंधाऱ्यावरून गजानन हात हलवत, ठेचकाळत खाली येत होता. "पास झाली! शेठ, पोरगी पास झाली!"

"गजानन, मासा!" शेठ ओरडले. मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला.

मरळ काठाला आली. शेठनी ओला रुमाल टाकून तिला धरलं, ताईंनी गळ सोडवला. मी पन्हाळं घेऊन धावलो, पण शेठनी मान हलवली. तिला पाण्यात आडवी धरून, कल्ले नीट हलायला लागेपर्यंत ते पुटपुटत राहिले. मग हात उघडले. ती लगेच गेली नाही. जरा थांबली आणि गेली.

गजानन एकाच वेळी हसत आणि रडत होता. काठी माही होती, मासा माहा धरा, असं त्यानं म्हणून बघितलं. शेठनी निकाल दिला की पंचाच्या हातचा मासा, बाद. पोरीच्या पास होण्याचे पेढे आणायला आपण सगळेच शेलूबाजारला जाऊ, असं ठरलं. आम्ही सामान आवरलं. शेठ मात्र गुडघाभर पाण्यात तसेच उभे, काठी हातात.

त्यांनी मला हाक मारली. माझ्याकडची पक्कड मागितली.

"सुधाकर, बेडूक राहू दे," ते म्हणाले. "त्याचा गळ तेवढा तोडून दे."

मी तोडून दिला. शेठनी बोट फिरवून बेडकाचं पोट तपासलं, काहीच टोचत नाही याची खात्री केली. मग आम्हाला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. आणि काठी मागे नेऊन, गवताच्या पार कडेला, त्यांनी बेडूक टाकला.