एकोणतीस तारखेची मावशी

त्याला सगळा दवाखाना रकानेभाऊ म्हणायचा. खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथेच निपचित पडून असायचं.

माणूस नाकासमोर चालणारा. आस्थापना विभागातल्या खिडकीजवळच्या टेबलावर त्याचं आयुष्य गेलं. कागदी तक्त्यांच्या जागी संगणक आला, तेव्हा बाकीचे कारकून कपाळाला हात लावून बसले. हा मात्र कुणी न शिकवता शिकला. वावरात बांध घालावेत तसे त्याने रकाने आखले आणि पाटाचं पाणी वळवावं तसे फॉर्म्युले एका रकान्यातून दुसऱ्यात सोडले. जन्मतारीख टाकली की माणूस कधी निवृत्त होणार ते शीट आपोआप सांगायची. "माझी शीट चुकत नाही," असं तो हळू आवाजात म्हणायचा, पण म्हणायचा सगळ्यांना.

त्याची बायको त्याच दवाखान्यात धुलाई विभागाची प्रमुख. तिला डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मावशी म्हणत. कधीकधी घरी याच्याही तोंडून मावशी निघून जाई, मग हा ओशाळा होऊन पाणी प्यायला उठे.

मावशीचा एकच ध्यास होता. धुलाईच्या खोलीला दार एकच. रक्तापुवाने माखलेल्या चादरी त्याच दारातून आत येत आणि धुतलेल्या त्याच दारातून बाहेर जात. तिने फरशीवर पिवळी रेघ ओढली होती, मळकं डावीकडून, स्वच्छ उजवीकडून; पण रेघ म्हणजे काही भिंत नव्हे. नऊ वर्षं मागे लागून तिने भिंत बांधून घेतली. भिंतीत मोठं भोक ठेवलं होतं, नव्या यंत्रासाठी. त्या यंत्राला दोन दारं. मळकं या खोलीतून आत आणि स्वच्छ पलीकडच्या खोलीत बाहेर, दोघांची गाठच पडायची नाही. भोकावर तिने स्वतः प्लास्टिक ताणून बसवलं होतं. यंत्र मार्चच्या मध्यावर येणार होतं आणि त्याचं पहिलं बटण आपण दाबायचं, एवढीच तिची नोकरीकडून उरलेली मागणी होती.

जानेवारीत रकानेभाऊने वर्षाची निवृत्तीची यादी काढली, सही घेऊन वरच्या कार्यालयात पाठवली आणि दुपारी डबा खाता खाता सहज वाचली. घास तोंडातच राहिला.

संध्याकाळी बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, तुझं नाव फेब्रुवारीत आलंय."

"कशात?"

"निवृत्तीच्या यादीत."

तिचा हात थांबला नाही. "माझा वाढदिवस तर एक मार्चला फळ्यावर लागतो. तुम्हीच लावता."

"ती शीट वेगळी."

"बायको तीच ना?"

तो तिच्यासमोर बसला आणि समजावू लागला. तिचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. ती तारीख चार वर्षांतून एकदा उगवते. शिडीची एक पायरी नसावी, तसं इतर वर्षी होतं. निवृत्तीच्या शीटमधला फॉर्म्युला महिने मोजत वर चढतो. पायरी सापडली नाही की खालच्या पायरीवर, अठ्ठावीसला थांबतो. वाढदिवसाच्या शीटमधला फॉर्म्युला नुसतं वर्ष बदलतो. त्याला पायरी सापडली नाही की तो पुढच्या पायरीवर, एक मार्चला उडी मारतो. नियम असा, की ज्या महिन्यात अठ्ठावन्न वर्षं पुरी होतात त्याच महिन्याच्या अखेरीला घरी जायचं. म्हणजे एका दिवसापायी अख्खा मार्च हातचा गेला.

"म्हणजे एका शीटमध्ये मी मागे सरते, दुसरीत पुढे जाते," बायको म्हणाली. "आणि दोन्ही तुम्ही केल्यात."

"वेगवेगळ्या वर्षी केल्या गं."

"मग आता एक करा. शीट तुमची, हात तुमचे."

"लोक म्हणतील, रकानेभाऊने बायकोसाठी कॅलेंडर ताणलं."

"म्हणू देत. मला मार्च हवाय. एप्रिलची एक सकाळसुद्धा नको."

दुसऱ्या दिवसापासून त्याने शीटची एक प्रत काढून तिच्याशी झटापट सुरू केली. जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा असेल आणि निवृत्तीच्या वर्षी ती तारीख नसेल, तर एक मार्च धर, एवढंच तर सांगायचं होतं. माणसाला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती. शीटने पहिल्या झटक्यात सगळा रकाना '####' अशा चुकीच्या खुणांनी भरून टाकला. कंस मोजले, एक कमी निघाला. तो घातला, तर चाळीस माणसं गेल्या शतकात निवृत्त झाली. मग कळलं, जुन्या कुणा कारकुनाने काही तारखा आकडे म्हणून नव्हे तर नुसती अक्षरं म्हणून टाकल्या होत्या. दिसायला तारीख, पण आत दगड. त्या एकेक करून फोडाव्या लागल्या. शेजारचा कारकून म्हणाला, "भाऊ, तुमची शीट चुकत नाही ना?" रकानेभाऊने पुढची तारीख फोडायला घेतली.

शेवटी प्रत सुधारली. एक जादा कंसाची जोडी आत तशीच राहिली, ती काढायची त्याची हिंमत झाली नाही. पण खरी शीट वरच्या कार्यालयाने कुलूपबंद केली होती. तो अधीक्षक साहेबांकडे गेला.

"कोणाच्या ओळीबद्दल बोलताय?" साहेबांनी विचारलं.

"धुलाई प्रमुखांच्या."

"म्हणजे तुमच्या मिसेस."

"हो. पण त्या माझ्या मिसेस नसत्या, तरी फेब्रुवारी अठ्ठावीसचाच असता, साहेब."

साहेब हसले. "नियम काय म्हणतो?"

"नियम गप्प आहे. एकोणतीस तारखेबद्दल अवाक्षर नाही."

"मग शीट बोलते ना. आणि शीट तुमचीच."

रकानेभाऊने वाढदिवसांच्या गेल्या वर्षांच्या याद्या पुढे ठेवल्या. एक मार्च, मावशीचं नाव आणि खाली साहेबांची सही. साहेबांनी चष्मा लावला, निवृत्तीची यादी काढून त्यांच्या शेजारी ठेवली आणि तारखा ताडून पाहिल्या.

"हे चूकच आहे," ते म्हणाले. "एका माणसाच्या दोन तारखा कशा चालतील?"

रकानेभाऊच्या जिवात जीव आला.

"वाढदिवसाची यादी सुधारा. अठ्ठावीस करा. ती आपल्या हातात आहे, दुसरी वर गेलीय. झालं की नाही एकसारखं?"

जिना उतरताना त्याला पायऱ्या दिसत नव्हत्या. त्याने वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, सोबत आपला फॉर्म्युला जोडला. 'विचाराधीन' असा एक शब्द परत आला. मग काहीच आलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मावशीने किल्ल्या नव्या प्रमुख बाईच्या हातात दिल्या. भोकावरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात सुटलं होतं, ते पुन्हा ताणून चिकटवलं आणि पर्स उचलून निघाली. घरी आल्यावर तिने नवऱ्याला चकार शब्दाने टोचलं नाही. त्यानेच तो जास्त खचला. ती बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

यंत्र ठरल्या दिवशी आलं. मार्च संपायला आठवडा होता तेव्हा बायको म्हणाली, "भेटायची वेळ चार ते सहा असते ना? येते मी."

ती दारावर रांगेत उभी राहिली, रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये. पहारेकऱ्याने तिला ओळखून थेट आत सोडायला हात केला, तर म्हणाली, "नको रे, पास दे. माझं माणूस आत आहे."

रकानेभाऊ तिला स्वच्छ बाजूच्या खोलीत घेऊन गेला. त्याच्या खिशात सकाळी आलेलं परिपत्रक होतं. यापुढे अशा कर्मचाऱ्यांची तारीख एक मार्च धरावी. मागची प्रकरणं उघडू नयेत. सोबत फॉर्म्युला जोडलेला. तो त्याचाच होता. ती जादा कंसाची जोडी जशीच्या तशी होती.

यंत्र घरघरत होतं. भिंतीत घट्ट बसलं होतं, बोटभर फट नव्हती. मावशीने गोल काचेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग दार उघडलं, चादरी बाहेर आल्या. नव्या बाई घडी घालू लागल्या, तशी मावशीने दुसरं टोक धरलं.

"आधी लांबीत घाल, बाई. नाहीतर पलंगावर उलगडताना जमिनीला लागते."

दोघींनी ढीग संपवला. बाहेर पडताना ती नवऱ्याला म्हणाली, "खिशात काय आहे? मघापासून हात तिथेच आहे तुमचा."

त्याने कागद दिला. तिने उजेडाकडे धरून वाचला, फॉर्म्युल्यासकट, ओठ हलवत.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो."

"कुणाला उपयोग होणार याचा?"

"सध्या शीटमध्ये दुसरं कुणी नाही त्या तारखेचं."

तिने कागदाची घडी घातली, आधी लांबीत, मग आडवी, आणि त्याच्या खिशात परत ठेवली. "मग वाढदिवसाच्या यादीत तरी मला परत मार्चमध्ये टाका," ती म्हणाली.

"निवृत्तांची नावं त्या यादीतून काढतात गं," रकानेभाऊ म्हणाला आणि पास परत करायला खिडकीकडे वळला.